तातामीच्या पाठीवर

वासादा तातामीवाल्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत होतं. हल्लीच्या तांदळाची चव, बेसबॉलच्या पंचांची नजर, फोनवर बोलताना लोक समोर कुणी नसूनही वाकून नमस्कार का करतात, यांतलं काहीही त्याला विचारावं. न विचारताही चालत असे. फक्त एका विषयावर तो तोंड उघडत नसे. कुणाच्या घरात तातामीखाली, म्हणजे जमिनीभर बसवायच्या पेंढ्याच्या जाड गाद्यांखाली, काय सापडलं, हे त्याने एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर, देवळातला पुजारी आणि तातामीवाला, या तिघांनी पोटात ठेवायला शिकलं पाहिजे, बाकीच्यांनी खुशाल बोलावं, असं त्याचं म्हणणं होतं. बाकीच्यांच्या वाटचंही बहुतेक तोच बोलायचा.

कुसुमोतोंनी त्याला एप्रिलच्या सुरुवातीला फोन केला. रविवारी अकरा वाजता त्यांच्या वडिलांचं तेराव्या वर्षाचं श्राद्ध होतं. तेरावं श्राद्ध बाराव्या वर्षी येतं, आणि पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं मीटरचे आकडे तपासून निवृत्त झालेल्या कुसुमोतोंना हा हिशोब कधीच पटला नव्हता. पण देवळाशी वाद कोण घालणार? त्यांची खरी काळजी वेगळीच होती. सहा वर्षांपूर्वीच्या श्राद्धाला त्यांची थोरली बहीण, मित्सुए आक्का, देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकून बसली, तिने तळहात तातामीवर फिरवला, काळ्या किमोनोला चिकटलेल्या काड्या एकेक करून वेचल्या आणि म्हणाली, "बाबा असते तर ही वेळ आली नसती." एवढंच. पण ते वाक्य कुसुमोतोंच्या घशात माशाच्या काट्यासारखं सहा वर्षं अडकून बसलं होतं.

कारण बाबा म्हणजे बाबाच होते. चाळीस वर्षं शिक्षकी, त्यांतली सोळा मुख्याध्यापक, आणि त्यांच्या हातात खोडरबर पाहिल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. देव्हाऱ्यातल्या फोटोतही ते समोरच्याची उत्तरपत्रिका हातात असल्यासारखे पाहत. तेव्हा या रविवारी आक्काला तळहात फिरवायला हिरवीगार, ताज्या लव्हाळ्याच्या वासाची तातामी मिळाली पाहिजे आणि तिच्या तोंडून एकही शब्द निघता कामा नये, असा कुसुमोतोंनी निश्चय केला.

फोनवर वासादा म्हणाला की पेंढ्याचे गाभे अजून दणकट आहेत, वरची चटई तेवढी बदलू. शुक्रवारी आठला येतो, शुक्रवार-शनिवार अंगणात बसून हाताने शिवतो, शनिवारी संध्याकाळी खोली तयार. मुलाच्या दुकानात संगणकावर चालणारं यंत्र आहे, पण त्या यंत्राला खोली चौकोनी वाटते. "खोली कधी चौकोनी असते का, मालक? माणसाने बांधलेली असते." मग व्हिडिओ पाहून घरीच नळ, वीज आणि दात दुरुस्त करणाऱ्या लोकांबद्दल त्याने वीस मिनिटं मत दिलं, आणि शेवटी म्हणाला, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नका. मी येतो, मी उचलतो."

हात न लावणं हे निवृत्त माणसाला फार अवघड जातं. त्यातून गुरुवारी सकाळी शेजारच्या नागामात्सूबाई कुंपणापाशी आल्या. त्या गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षा, आणि सल्ला देणं हे त्या पदाचं काम समजत. त्यांनी सांगितलं की कारागीर येण्याच्या आदल्या दिवशी तातामी उचलून उन्हात ठेवाव्यात, म्हणजे त्याचं अर्धं काम होतं. आमचे हे तर दर वर्षी ठेवायचे. 'आमचे हे' वारल्याला नऊ वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना विचारून खात्री करण्याची सोय नव्हती.

"वासादांनी हात लावू नका म्हटलंय ना?" कुसुमोतोंच्या पत्नी सातोए म्हणाल्या.

"आपण हात लावत नाही आहोत," कुसुमोतो म्हणाले. "आपण पूर्वतयारी करतो आहोत."

पूर्वतयारी पाहण्यासारखी होती. आलेखाच्या कागदावर त्यांनी खोलीचा नकाशा काढला. आठ तातामींवर एक ते आठ आकड्यांच्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रत्येक तातामीचा फोनवर फोटो काढला. (फोटो नंतर पाहिले तेव्हा आठही सारखे निघाले. तीन फोटोंत अंगठा होता, तेवढे तीन ओळखू यायचे.) मग नवरा-बायकोने मिळून एकेक तातामी उपसली, आणि अंगणात सावली होती म्हणून गल्लीच्या भिंतीला नेऊन टेकवली. सुंदर बाजू उन्हाकडे, धुळीने माखलेली पाठ भिंतीकडे. मळकी बाजू चारचौघांना दाखवणं कुसुमोतोंच्या स्वभावात बसत नव्हतं.

तातामीखाली अंथरलेले चौदा वर्षांपूर्वीचे पेपर निघाले, आणि तिथे एक तास गेला. हा तास जपानात कुठल्याही घरी जातोच. तो कामात धरूनच चालायचं असतं. सातोएंनी कोबीच्या दोन पाककृती उतरवून घेतल्या. कुसुमोतोंनी चौदा वर्षांपूर्वीचा हवामानाचा अंदाज वाचला आणि तो खरा ठरला होता का हे बराच वेळ आठवून पाहिलं. तेवढ्यात नागामात्सूबाई पुन्हा डोकावल्या, आणि आता उचललंच आहे तर जमिनीची एक फळी काढून वाळवी बघून घ्या म्हणाल्या. कुसुमोतोंनी फळी काढली. वाळवी नव्हती. फळी परत लावायची राहिली.

दोन वाजता पोन्ता निघाला. पोन्ता म्हणजे मुलीने ओसाकाहून पाठवलेलं, ताटाएवढं गोल, आपोआप फिरून केर काढणारं यंत्र. ते रोज दोनला निघायचं, आणि ते थांबवायचं कसं हे ज्या पुस्तिकेत लिहिलं होतं ती सातोएंनी फार जपून ठेवली होती, इतकी जपून की ती पुन्हा सापडली नव्हती. जुन्या चटईची भुकटी लागल्यामुळे तातामी नेताना पिवळ्या चिठ्ठ्या वाटेतच गळून पडल्या होत्या, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. पोन्ताच्या मात्र आलं. त्याने एकेक चिठ्ठी गिळली, आठ तातामींच्या मोकळ्या मैदानात खुशीत एक फेरी मारली आणि काढलेल्या फळीच्या जागेतून घराखाली पडला. जमिनीखालून बाईचा गोड आवाज आला. "मी अडकले आहे. कृपया मला सपाट जागी ठेवा."

कुसुमोतो घराखाली डोकावायला बाहेर धावले, तर बाहेर वेगळंच. महिन्यातला दुसरा गुरुवार म्हणजे मोठा कचरा न्यायचा दिवस, आणि कचऱ्याची जागा तातामींपासून पाच पावलांवर. नगरपालिकेचा माणूस येऊन गेला होता. आठही तातामींवर लाल चिठ्ठ्या होत्या: 'पूर्वपरवानगी नसलेला मोठा कचरा. उचलला जाणार नाही.' कुसुमोतोंनी एक चिठ्ठी सोलून पाहिली. ती निघेना. छत्तीस वर्षं याच नगरपालिकेत काढूनही तिच्याकडे इतका चांगला डिंक आहे हे त्यांना कधी कळलं नव्हतं.

त्यांनी कार्यालयात फोन लावला आणि हा कचरा नसल्याचं सांगितलं. पलीकडच्या मुलीने अदबीने सांगितलं की कचरा आहे असं कळवायचा अर्ज आहे, कचरा नाही असं कळवायचा नाही. पण साहेबांनी कचऱ्याचा अर्ज भरून मग तो मागे घेतला तर तेच होईल. कुसुमोतोंनी आपण पाणीपुरवठ्यात उपविभागप्रमुख होतो, हे सांगितलं. त्यावर तिने पाण्यासंबंधी तक्रार असेल तर दोन दाबा म्हटलं.

चार वाजता कुसुमोतोंनी ठरवलं की झालं ते झालं, तातामी होत्या तशा आत बसवून टाकाव्यात, म्हणजे सकाळी वासादाला काही कळणारच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ तातामी, सारख्याच लांबीरुंदीच्या, त्यात काय अवघड आहे?

अवघड हे होतं की त्या सारख्या नव्हत्या. घर पंचाहत्तर वर्षांचं, खोली एका कोपऱ्यात फुगलेली, एका कोपऱ्यात आक्रसलेली, आणि प्रत्येक तातामी आपापल्या जागेच्या वाकडेपणाला बेतून कापलेली. सात कशाबशा बसल्या. आठवी बोटभर वर राहिली. तिच्यावर सातोए उभ्या राहिल्या, मग कुसुमोतो उभे राहिले, मग दोघंही उभे राहिले. आठवी बसली आणि देव्हाऱ्याजवळची दुसरी वर आली. पुन्हा सगळ्या काढल्या, पुन्हा घातल्या. तिसऱ्या खेपेला सरकता दरवाजा जागच्या जागी रुतला. कुसुमोतोंनी कागदावर गणित मांडलं तर आठ तातामी मांडायच्या चाळीस हजारांहून जास्त तऱ्हा निघाल्या. वडिलांच्या पुढच्या श्राद्धापर्यंतही त्या पुरल्या असत्या. देव्हाऱ्यातल्या फोटोकडे पाहायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

नागामात्सूबाई विचारायला आल्याच, एवढा धडधड आवाज कसला?

"जमिनीला जरा विश्रांती देतोय," कुसुमोतो म्हणाले. हे वाक्य आपल्या तोंडून कुठून आलं हे त्यांचं त्यांना कळलं नाही. त्या रात्रीचं जेवण दोघांनी स्वयंपाकघरात मुकाट्याने केलं, आणि मधूनमधून पोन्ता पायाखालून सपाट जागा मागत राहिला.

शुक्रवारी आठ म्हणजे आठ वाजता वासादा आला. चपला काढून खोलीच्या दारात उभा राहिला. मधोमध एक तातामी होडीसारखी तिरपी उभी होती, आणि आठांवर आठ लाल चिठ्ठ्या.  तो नुसत्या मोज्यांनी सावकाश खोलीभर चालला, एका ठिकाणी थांबून टाच दाबली, दुसऱ्या ठिकाणी चवडा.

"मालक, तुम्ही मीटर तपासायचात ना?"

"हो."

"सगळे नळ सारखेच दिसतात म्हणून कधी याचं मीटर त्याच्या घरी लावलंत?"

कुसुमोतोंनी मान खाली घातली. आता याने पाठ फिरवून घरी जावं आणि रविवारी आक्काने होडीवर बसावं, एवढंच आपल्या नशिबी आहे, असं त्यांना वाटलं. पण वासादा रागावलाच नव्हता. तो म्हणाला की दहाचा चहा आज आठलाच होऊन जाऊ दे, आणि दोघांनीही जा. चहाला दोघं कशाला, असं सातोएंनी विचारलं, तर म्हणाला, एकाने पाणी उकळायचं, एकाने ते उकळतंय का ते बघायचं, हल्ली सगळीकडे असंच चालतं.

पंधरा मिनिटांनी दोघं चहा, मुळ्याचं लोणचं आणि तांदळाच्या कुरकुरीत चकत्या घेऊन आले, तर आठही तातामी व्हरांड्यात एका ओळीत उभ्या होत्या, पाठ भिंतीकडे. वासादाने खडूने कडेला एकेक आकडा टाकला होता. अगदी बरोबर आहेत का, असं कुसुमोतोंनी चाचरत विचारलं. बरोबर आहेत. कसं ओळखलंत? हाताला कळतं, तो म्हणाला, आणि चकती तोंडात टाकून भिंतीकडे पाहत राहिला. कुसुमोतोंना गहिवरून आलं. साठ वर्षांची साधना म्हणतात ती हीच, असं ते सातोएंना हळूच म्हणाले.

मग पोन्ताची सुटका झाली. वासादाने घराखाली अर्धं अंग घालून झाडूच्या दांड्याने त्याला ओढून काढलं, पोट उघडलं आणि एकेक पिवळी चिठ्ठी कुसुमोतोंच्या हातात ठेवली. "तीन. सात. दोन. हिशोब घ्या बरोबर." यंत्राबद्दल त्याचं मत वाईट नव्हतं. बिचारं सांगितल्या वेळेला उठतं, तक्रार करायची तर गोड आवाजात करतं. काय उचलायचं हे त्याला कळतं. काय उचलायचं नाही हे कळायला मात्र मार खावा लागतो, आणि यंत्राला मारणार कोण? त्याच्या मुलाने घराला आवाज ओळखणारे दिवे लावले होते. आता सून रागावली की दिवे जातात. पूर्वी बायको रागावली हे नवऱ्याला कळायला दोन दिवस लागायचे, तेवढी सुधारणा आहे, असं तो म्हणाला.

दिवसभर अंगणात सुई चालली आणि जीभ चालली. चटई ताणून धरायला कोपराचा जोर लागतो, आणि हल्लीच्या मुलांची कोपरं खुर्चीवर बसून मऊ झाली आहेत. लाल चिठ्ठ्यांबद्दल काळजी करू नका, ती चटई निघणारच आहे. नगरपालिकेने रस्ते त्या डिंकाने बांधले तर खड्डे पडणार नाहीत. कुसुमोतो कट्ट्यावर बसून ऐकत होते, आणि कालचा दिवस त्यांना हळूहळू बराचसा सुसह्य वाटू लागला होता.

तीनचा चहा घेऊन ते अंगणात आले तेव्हा वासादा दोरा आणायला गाडीकडे गेला होता. घडवंचीवर पाच नंबरची तातामी पालथी पडली होती. कुसुमोतोंनी चहाचा ट्रे ठेवायला जागा शोधली आणि तिच्या पाठीवर त्यांची नजर गेली.

तिथे शाईने 'तीन' लिहून खोडलं होतं. शेजारी 'सात' लिहून खोडलं होतं. मग 'एक', खोडलेलं. मग 'पाच', आणि त्याला ठसठशीत वर्तुळ. खाली बारीक, सरळ, पट्टीने आखल्यासारखं अक्षर होतं. ते अक्षर कुसुमोतोंनी सहा वर्षं आपल्या प्रगतिपुस्तकावर पाहिलं होतं. 'शोवा ४१, २८ डिसेंबर. वासादा येण्यापूर्वी स्वतः उचलल्या. तीन दिवस बसल्या नाहीत. वासादा येईपर्यंत कधीही हात लावू नये. कुसुमोतो.' आणि त्याखाली लाल पेन्सिलीने, वर्गात गणित चुकलं की मुलांच्या वहीवर मारायचे तशी, एक मोठी फुली.

कुसुमोतो ट्रे हातात धरून तसेच उभे राहिले. शोवा ४१ म्हणजे १९६६, जुन्या सम्राटाच्या काळातलं साल; ते तेव्हा सहा वर्षांचे होते. नववर्षाच्या तोंडावर आई आक्काला घेऊन आजोळी गेली होती, आणि ते आणि बाबा तीन दिवस स्वयंपाकघरात जेवले होते. मोठ्या खोलीत का नाही, असं त्यांनी विचारलं होतं. बाबा भातावरून नजर न उचलता म्हणाले होते की जमीन विश्रांती घेते आहे. आणि त्यांनी ते खरं मानून तीन दिवस घरात चवड्यांवर चालून काढले होते, जमिनीची झोप मोडू नये म्हणून. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले, आणि दोन्ही लपवायला हात मोकळा नव्हता.

वासादा दोरा घेऊन परत आला. त्याने तातामीकडे पाहिलं, कुसुमोतोंकडे पाहिलं. "मी काही बोललो नाही," तो म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"त्या वेळी माझे वडील आले होते. मी अवजारं वाहायला होतो. गुरुजींनी माझ्या वडिलांपुढे डोकं जमिनीला टेकलं. म्हणजे फळ्यांना. तातामी नव्हत्याच." त्याने चहा घेतला. "घरी जाताना वडील म्हणाले, या गोष्टीची वाच्यता केलीस तर सुई तुझ्या जिभेतून घालीन. एकोणसाठ वर्षं झाली. सांगतो तुम्हाला मालक, फार जड गेली."

कुसुमोतोंनी ट्रे खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि आज सकाळी? हाताला कळतं म्हणालात ते?"

"पाठीवरची धूळ पुसून लिहिलेलं वाचलं. मला चष्मा लागतो." त्याने कानामागची पेन्सिल काढून त्यांच्यापुढे धरली. "लिहायचं असेल तर आत्ताच लिहा. एकदा बसवल्या की पुढची पंधरा वर्षं मी कुणाला उचलू देणार नाही."

कुसुमोतोंनी चष्मा पुसला आणि वडिलांच्या ओळीखाली, होता होईल तितक्या सरळ अक्षरात, आताच्या सम्राटाचं साल टाकून लिहिलं: 'रेइवा ७, एप्रिल. मीही. एक दिवस.' लिहून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं. बाबांना तीन दिवस लागले होते. जन्मात पहिल्यांदा एखाद्या बाबतीत आपण बाबांपेक्षा दोन दिवस पुढे आहोत, हे त्यांना फार बरं वाटलं. वासादाने आठवण करून दिली की त्याला बोलावणं आधीच गेलं होतं म्हणून एक दिवस लागला. कुसुमोतोंनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

रविवारी अकराला खोलीत लव्हाळ्याचा वास भरून राहिला होता. पुजारी येऊन बसले. मित्सुए आक्का आली, देव्हाऱ्यापुढे गुडघे टेकले, आणि तिने सहा वर्षांपूर्वीसारखाच तळहात फिरवला. कडेने बोट नेलं. सांध्यात नख घालून पाहिलं; नख गेलं नाही. किमोनोवर एक काडी नव्हती. पोन्ताला सातोएंनी कपाटात, पांघरुणांच्या मागे कोंडून ठेवलं होतं.

"बरं झालंय," आक्का म्हणाली. तिच्याकडून याहून जास्त निघत नसे. मग तिने फोटोकडे पाहिलं. "नाहीतर तू. मला वाटलं होतं, स्वतःच काहीतरी उचलाउचली करून ठेवशील."

"नाही आक्का. वासादा येईपर्यंत हात लावायचा नाही, असं बाबांनीच बजावलंय."

"कधी? मी कसं ऐकलं नाही?"

"लिहून ठेवलंय त्यांनी."

सातोएंना अचानक खोकला आला आणि त्यांनी बाहीत तोंड लपवलं. आक्काने समाधानाने मान हलवली. "बघ. याला म्हणतात माणूस. सगळं आधी विचार करून लिहून ठेवायचे." आणि पाच नंबरच्या तातामीवर जरा आणखी नीट, ऐसपैस बसून तिने डोळे मिटले.